आधी अँटेना, मग जीपीएस: हातातल्या हॅम रेडिओसाठी नाशिककरांनी काय घ्यावं, कसं घ्यावं

नवा हॅम, म्हणजे हौशी संभाषणाचा, रेडिओ हातात आला की पहिल्याच आठवड्यात दोन गोष्टी खुणावू लागतात: लांबलचक अँटेना आणि जीपीएस. ऑनलाइन दुकानात दोन्ही शेजारीशेजारी दिसतात, म्हणून दोन्ही एकदमच मागवल्या जातात. माझं म्हणणं सरळ आहे. आधी अँटेना घ्या. रेडिओवरून पाठवलेलं तुमचं ठिकाण ऐकणारं पलीकडे कुणी आहे याची खात्री होईपर्यंत जीपीएसचे पैसे खिशातच राहू द्या. पाच वॅटच्या रेडिओचा आवाजच पलीकडे पोचत नसेल, तर त्यात अक्षांश-रेखांश भरून काय उपयोग?

दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी शाखेचा परवाना आणि व्हीयू२ किंवा व्हीयू३ने सुरू होणारं कॉलसाइन (हवेतलं तुमचं ओळखनाव) तुमच्याकडे आहे, असं मी धरून चालतो. नसेल तर खरेदीआधी ते. आपल्याकडे हौशी रेडिओला २ मीटरच्या पट्ट्यात १४४ ते १४६ आणि ७० सेंटिमीटरच्या पट्ट्यात ४३४ ते ४३८ मेगाहर्ट्झ मिळतात. पुढची मापं त्याच हिशेबाने आहेत. अमेरिकेत ४४०च्या वर जास्त वर्दळ असते, त्यामुळे तिथल्यासाठी कापलेला अँटेना आपल्या पट्ट्याला किंचित आखूड पडतो. वर्णनात आकडे दिलेले असतात, ते वाचून घ्या.

पायरी १: कुठे उभे राहणार ते ठरवा

या पट्ट्यांवर रेडिओला साधारण डोळ्यासमोरचंच दिसतं. अँटेनाची उंची मीटरमध्ये घ्या, तिचं वर्गमूळ काढा, ४.१२ने गुणा, रेडिओचं क्षितिज किलोमीटरमध्ये मिळेल. पाथर्डी फाट्यावर रस्त्याच्या कडेला रेडिओ तोंडाशी धरून उभे असाल तर उंची दीड मीटर, क्षितिज ५ किलोमीटर. भोवतालापेक्षा १०० मीटर उंच टेकडीवर तोच आकडा ४१ होतो. बाजारातला कुठलाही अँटेना एवढी उडी मारून देत नाही. म्हणून पहिला सल्ला फुकटचा: पांडवलेणीच्या पायऱ्या चढा आणि तिथून एकदा बोलून बघा. मगच काय कमी पडतंय ते कळेल.

रोज कॉलेज रोड, शालिमार, सीबीएस एवढंच फिरणं असेल तर गरज वेगळी. शनिवार-रविवारी हरिहर, अंजनेरी, साल्हेर असेल तर वेगळी. कसारा घाटातून मुंबईकडे जाणं-येणं असेल तर तिसरीच. कागदावर एक ओळ लिहा: रेडिओ सगळ्यात जास्त वेळ कुठे असतो? हातात, सॅकमध्ये, गाडीत की गॅलरीत?

पायरी २: रेडिओचं तोंड ओळखा

हल्लीच्या बहुतेक हँडहेल्डना एसएमए कनेक्टर असतो, पण त्याचे नर आणि मादी असे दोन प्रकार. बाओफेंगसारख्या चिनी रेडिओंच्या डोक्यावर बहुधा मधोमध पिन असते, म्हणजे रेडिओ नर. त्याला मादी अँटेना लागतो. याएसूच्या एफटी-६०, एफटी-७०, एफटी-५ या रेडिओंवर मधोमध भोक असतं, त्यांना पिनवाला अँटेना लागतो. जुन्या रेडिओंवर बीएनसी असतो. दाबून पाव फेरा फिरवला की बसतो.

सापळा आहे तो वाय-फाय राउटरच्या अँटेनाचा. त्याचे आटे तेच, दिसायला तसाच, रेडिओवर छान फिरतो. मधली पिन मात्र उलट्या बाजूला असते. त्यामुळे एक तर जोडच होत नाही, नाहीतर दोन पिना एकमेकींवर दाबल्या जातात. एम.जी. रोडवर मोबाइलच्या सामानात असा अँटेना दिसला तर तो राउटरलाच राहू द्या.

एसएमए सॉकेट मुळातच नाजूक. त्यावर लांब अँटेना लावून रेडिओ सॅकच्या पट्ट्याला लटकवला की प्रत्येक पावलाला तिथे पिळा बसतो. अँटेना वरचेवर बदलणार असाल तर एसएमए ते बीएनसी अडॅप्टर घ्या, तो कायमचा लावून टाका आणि पुढचे सगळे अँटेना बीएनसीचे घ्या. अडॅप्टर रुंद बुडाचा निवडा. भार सॉकेटवर न येता रेडिओच्या अंगावर यायला हवा.

पायरी ३: अँटेना निवडा

रेडिओसोबत आलेला रबर डक म्हणजे रबरात झाकलेली तारेची गुंडाळी. १४५ मेगाहर्ट्झला पाव तरंगलांबीचा अँटेना ४९ सेंटिमीटर हवा (७१२५ला मेगाहर्ट्झने भागलं की सेंटिमीटर मिळतात). तेवढी लांबी बोटभर उंचीत कोंबली की अँटेना जुळतो, पण त्याची ताकद जाते. ४३६ला पाव तरंग फक्त १६ सेंटिमीटर, म्हणून आखूड डक ७० सेंटिमीटरवर त्यामानाने बरा चालतो. आणि ४९ सेंटिमीटरची सरळ काडी ४३६वर पाऊण तरंगाची होते, त्यामुळे एकच काडी दोन्ही पट्ट्यांवर भागवते.

बाजारात चार जाती दिसतील. २० सेंटिमीटरचा लवचीक अँटेना, नागोया एनए-७०१सारखा, हा डकपेक्षा थोडा बरा. ४० सेंटिमीटरच्या आसपासचा बारीक अँटेना, म्हणजे नागोया एनए-७७१ किंवा डायमंड एसआरएच७७सारखा, हा माझ्या मते पहिली खरेदी. त्याच्या हुबेहूब नकला ढिगाने विकल्या जातात, तेव्हा किंमत संशयास्पद कमी असेल तर घेऊ नका. तिसरा टेलिस्कोपिक: बसून बोलायला उत्तम, कड्याकपारीत चालताना निरुपयोगी, फांदीला एकदा अडकला की मोडला. चौथा तो मोजपट्टीसारख्या पट्टीचा, घडी घालता येणारा. तो चालतो ठीक, पण एकाच सॉकेटवर एवढी शिडकाठी डुलताना पाहवत नाही.

वेष्टनावरच्या डीबीच्या (सिग्नल किती वाढतो-घटतो त्याचं माप) आकड्याने भुलू नका. डीबीआय आणि डीबीडी या दोन मापांत २.१५चा फरक असतो. विक्रेता अर्थातच मोठा दिसणारा आकडा छापतो. एसडब्ल्यूआर (अँटेनाकडून परत येणाऱ्या शक्तीचं माप) कमी आहे एवढ्यानेही खूश होऊ नका, शक्ती नुसती उष्णतेत जिरवणाऱ्या डमी लोडचाही एसडब्ल्यूआर अव्वल असतो आणि तो कुणालाच ऐकू जात नाही. शिवाय हँडहेल्डच्या अँटेनाचा अर्धा भाग म्हणजे रेडिओची बॉडी आणि तुमचा हात. टेबलावर नॅनोव्हीएनए या मापकाला लावून घेतलेलं माप प्रत्यक्ष वापरात तसंच राहत नाही.

गर्दीच्या कामाला मात्र उलटं गणित. २०१५नंतरचा सिंहस्थ आता २०२६-२७मध्ये आहे. रामकुंडाच्या गर्दीत मदतीला उभं राहायचं असेल तर ४० सेंटिमीटरची काडी शेजाऱ्याच्या डोळ्यात जाईल. तिथे आखूड अँटेना, छातीवरचा पट्टा आणि आयोजकांची लेखी परवानगी. देवळाली कॅम्पचा तोफखान्याचा परिसर आणि ओझरचा विमानतळ इथे तर अँटेना बाहेर काढून प्रयोग करूच नयेत.

पायरी ४: शेपूट जोडा

सगळ्यात स्वस्त सुधारणा हीच. ४९ सेंटिमीटर लवचीक वायर घ्या, एका टोकाला एसएमएच्या बुडात बसेल असं गोल थिंबल दाबा आणि ते अँटेना व सॉकेटच्या बाहेरच्या कड्यामध्ये अडकवा. दुसरं टोक मोकळं लोंबकळू द्या. अँटेनाला हरवलेला अर्धा भाग परत मिळतो आणि २ मीटरवर फरक बहुतेक वेळा कानाला कळतो. दोनच गोष्टी पाहा: थिंबल मधल्या पिनेला टेकू नये आणि ते बाहेरच्या धातूलाच टेकावं. काही रेडिओंत सॉकेटभोवती प्लास्टिकची कडा असते. तिथे थिंबल नुसतं प्लास्टिकवर बसतं आणि काहीच होत नाही.

बोलताना रेडिओ उभा धरा. समोरच्याचा अँटेना उभा आणि तुमचा आडवा असेल तर कागदोपत्री २० डीबीपर्यंत तोटा होतो. कमरेला लावलेल्या रेडिओचा बराचसा सिग्नल तुमचं शरीरच खातं. दिंडोरी-पिंपळगावच्या द्राक्षबागेत असाल तर मांडवाच्या तारांखालून बांधावर या, मग बोला.

पायरी ५: गाडी आणि घर

गाडीत बसून रबर डकवर बोलणं सोडा, पत्र्याच्या डब्यात बसल्यासारखंच आहे ते. छतावर चुंबकी बुडाचा अँटेना ठेवा. पत्राच त्याची जमीन (ग्राउंड) होतो.

फ्लॅटमध्ये राहत असाल तर रिबन केबलचा गुंडाळता येणारा जे-पोल अँटेना गॅलरीत किंवा झाडाला टांगा. ट्रेकलाही तोच सॅकमध्ये मावतो. झाडावर चढवायला सुतळी वापरा, नायलॉन मांजा नको. येवल्याची संक्रांत पाहिलेल्याला कारण सांगायला नको. केबल जेवढी लागते तेवढीच घ्या. आरजी-५८ केबल १० मीटरमागे २ मीटरच्या पट्ट्यावर सुमारे २ डीबी खाते, ७० सेंटिमीटरवर जवळपास दुप्पट. ३ डीबी गेले म्हणजे निम्मी शक्ती गेली. आरजी-१७४ ही बारीक केबल त्याहून भुकेली आहे. वळवाच्या किंवा परतीच्या पावसात ढग गडगडले की अँटेना उतरवा, आणि कड्यावर असाल तर रेडिओसकट खाली या.

पायरी ६: आता जीपीएस

आधी विचारा, कशासाठी? फक्त स्वतःला रस्ता सापडावा म्हणून असेल तर फोन पुरे. रेडिओला जोडायचा जीपीएस एपीआरएससाठी असतो: तुमचं ठिकाण १२०० बॉड वेगाच्या छोट्या पॅकेटमध्ये हवेत जातं, एखादा डिजिपीटर ते पुढे ढकलतो आणि आयगेट इंटरनेटवर नेतो. अमेरिकेतले हौशी बॉब ब्रुनिंगा (कॉलसाइन डब्ल्यूबी४एपीआर) यांनी ही पद्धत उभी केली. नाशिकमधल्या जाणत्या हॅमना विचारा की जवळपास डिजिपीटर किंवा आयगेट चालू आहे का आणि कुठल्या वारंवारतेवर. नसेल तर दोन मित्रांचे रेडिओ एकमेकांना थेट ठिकाण दाखवू शकतात, शिवाय आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावर १४५.८२५ मेगाहर्ट्झचा डिजिपीटर आहे. यांपैकी काहीच करायचं नसेल तर ही खरेदी पुढे ढकला.

नवा रेडिओ घ्यायचाच असेल तर जीपीएस आत असलेला घ्या. याएसूचा एफटी-५ किंवा केनवूडचा टीएच-डी७५ यांत तो असतोच. जुन्या रेडिओंना बाहेरचा लागतो आणि तो ज्याचा त्यालाच बसतो: याएसू व्हीएक्स-८आरला एफजीपीएस-१, आयकॉम आयसी-९२एडीला जीपीएस असलेला एचएम-१७५ माइक. माइकमधला जीपीएस मला जास्त पटतो, कारण तो खांद्यावर राहतो आणि त्याला आकाश दिसतं.

स्वस्त मॉड्यूल जोडणार असाल तर तीन गोष्टी तपासा: प्लग, व्होल्टेज आणि वेग. जुने रेडिओ एनएमईए ही जीपीएसची डेटाभाषा ४८०० बॉडवर ऐकतात, तर एनईओ-६एमसारखं मॉड्यूल कारखान्यातून ९६००वर येतं. मॉड्यूलची ३.३ व्होल्टची पातळी आणि आरएस-२३२ या जुन्या सिरियल जोडणीची पातळी एक नव्हे, थेट जोडलं तर मॉड्यूल जळू शकतं. जुना जीपीएस सेकंडहँड घेताना तारीख बघा. जीपीएसचा आठवड्यांचा मोजणीआकडा २०१९च्या एप्रिलमध्ये शून्यावर आला. त्यानंतर काही जुने रिसीव्हर जागा बरोबर दाखवतात, पण तारीख १०२४ आठवडे मागची.

साध्या रेडिओवाल्यांना तिसरा मार्ग आहे. अँड्रॉइड फोनवर एपीआरएसड्रॉइड अ‍ॅप आणि फोन-रेडिओ जोडणारी ऑडिओ केबल, किंवा ब्लूटूथवर चालणारा छोटा टीएनसी (रेडिओचा मोडेम). जीपीएस फोनचाच वापरला जातो. माझं मत विचाराल तर नवख्याने इथूनच सुरुवात करावी.

पायरी ७: निघण्याआधी

जीपीएस घराबाहेर, मोकळ्या आकाशाखाली, चालायला लागण्याआधीच सुरू करा. बऱ्याच दिवसांनी चालू केलेल्या रिसीव्हरला उपग्रहांची माहिती नव्याने गोळा करावी लागते. ती पूर्ण यादी एकदा प्रसारित व्हायलाच साडेबारा मिनिटं लागतात. ब्रह्मगिरीच्या कड्याला चिकटून उभं राहिलं तर अर्धं आकाश झाकलं जातं आणि दगडावरून परतलेले सिग्नल जागा इकडेतिकडे दाखवतात. जीपीएस रेडिओच्या अँटेनापासून शक्य तेवढा लांब ठेवा. बोलायचं बटण दाबताक्षणी फिक्स (सापडलेली जागा) जात असेल तर कारण तेच.

अंश लिहिण्याची पद्धत एकदा तपासा. एपीआरएसला अंश आणि दशांश मिनिटं लागतात. नकाशात २०.५० अंश दिसलं आणि तुम्ही २० अंश ५० मिनिटं भरलं, तर तुम्ही ३५ किलोमीटरहून जास्त उत्तरेला जाऊन पोचलात. नाशिकमध्ये आणखी एक गंमत आहे. २० अंश उत्तर ही रेषा शहरातूनच जाते, म्हणून जगाला चौकटींत वाटणाऱ्या हॅमच्या मेडनहेड पद्धतीत पंचवटी एमएल६०मध्ये आणि नाशिकरोड एमके६९मध्ये पडतं. निफाडला पोचलात की एमएल७०. रेडिओने चौकट बदलली म्हणून तो बिघडला असं समजू नका.

शेवटी बीकनची, म्हणजे ठिकाणाचं पॅकेट आपोआप पाठवण्याची, वेळ. चालताना पाच मिनिटांना एक पॅकेट पुरतं, गाडीत एक-दोन मिनिटांना एक. सगळे एकच चॅनेल वापरतात, दर दहा सेकंदांनी ओरडणारा कुणालाच आवडत नाही. घराजवळ आलात की बीकन बंद करा: आयगेटवरून गेलेलं प्रत्येक ठिकाण कॉलसाइनसह इंटरनेटवर कुणालाही दिसतं, तुमच्या बिल्डिंगच्या दारापर्यंत.