प्रसूतिकक्षात नव्याने रुजू होणाऱ्यांसाठी : दोन कळांमधला वेळ

सातारा जिल्ह्यातील एका ग्रामीण रुग्णालयाच्या प्रसूतिकक्षात अधिपरिचारिका म्हणून काम करताना नव्याने रुजू होणाऱ्या भगिनींना मी सर्वांत आधी दोन कळांमधल्या वेळेकडे लक्ष द्यायला सांगते. कळ आली की आई ओरडते, नातेवाईक दाराशी येतात आणि आपलेही सारे लक्ष तिकडेच जाते. परंतु बाळाला ऑक्सिजन पुरतो आहे की नाही, हे कळ ओसरल्यानंतरच्या मिनिटात समजते.

याचे कारण गर्भाशयाच्या रचनेत आहे. स्नायू आवळले गेले की त्यांच्यामधून वारेकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या दाबल्या जातात, आईचे रक्त काही काळ वारेपर्यंत नीट पोहोचत नाही आणि तेवढा वेळ बाळ जवळच्या साठ्यावर काढते. हा साठा मुळातच मोठा नसतो. आईच्या धमनीत ऑक्सिजनचा दाब सुमारे १०० मिलिमीटर पारा असतो, तर नाळेतून बाळाकडे येणाऱ्या रक्तात तो जेमतेम ३०च्या आसपास असतो. तरीही बाळ वाढते, कारण गर्भाचे हिमोग्लोबिन कमी दाबातही ऑक्सिजन घट्ट धरून ठेवते आणि त्याचे प्रमाणही मोठ्या माणसापेक्षा अधिक असते. कळांमध्ये पुरेशी उसंत मिळाली तर निरोगी बाळ हे सारे सहज सोसते. दहा मिनिटांत पाचपेक्षा जास्त कळा येऊ लागल्या की ती उसंत संपते, आणि म्हणूनच ‘लवकर मोकळी व्हावी’ या नातेवाइकांच्या आग्रहाखातर कळा वाढवणाऱ्या ऑक्सिटोसिन या औषधाच्या ड्रिपचे थेंब वाढवणे मला अत्यंत धोक्याचे वाटते.

काही बाळे प्रसूतिकक्षात येण्यापूर्वीच थकलेली असतात. आपल्या भागात याची कारणे शोधायला दूर जावे लागत नाही : आईचा रक्तक्षय, वाढलेला रक्तदाब, आणि सकाळ-संध्याकाळ लावली जाणारी मिश्री, जी तंबाखूच असते, पण विचारल्याशिवाय कोणी सांगत नाही. दिवाळीच्या सुमारास मराठवाड्यातून कराड-वाळवा भागात ऊसतोडीला येणाऱ्या स्त्रियांच्या तपासण्या तर अनेकदा अर्ध्या एका जिल्ह्यात आणि अर्ध्या दुसऱ्या जिल्ह्यात झालेल्या असतात, त्यामुळे त्यांच्या हिमोग्लोबिनचा शेवटचा आकडा कागदावर नसेल तर तो त्याच वेळी करून घ्यावा. दीर्घकाळ ऑक्सिजन अपुरा पडला की गर्भ आपले रक्त मेंदू, हृदय आणि मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क (अ‍ॅड्रिनल) ग्रंथी यांच्याकडे वळवतो व मूत्रपिंडे, आतडी आणि हातपाय यांचा वाटा कमी करतो. मूत्र कमी झाल्याने गर्भजल घटते, पोट आणि अंग बारीक राहते, डोके त्या मानाने मोठे दिसते, आणि शक्ती वाचवण्यासाठी हालचालही मंदावते. ‘बाळ कालपासून कमी फिरतंय’ असे आई म्हणाली तर तिला धीर देऊन घरी पाठवू नका. आधी ठोके ऐका आणि डॉक्टरांना कळवा.

ठोके ऐकण्याची शिस्त मी सर्वांत महत्त्वाची मानते. कळा नियमित सुरू झाल्यावर निदान दर अर्ध्या तासाने, आणि आई जोर देऊ लागल्यावर दर पाच मिनिटांनी, कळ संपता संपता पोटावर डॉपलर (बाळाचे ठोके ऐकवणारे यंत्र) ठेवून पूर्ण एक मिनिट मोजावे. त्याच वेळी दुसऱ्या हाताने आईची नाडी पाहावी, नाहीतर आईचेच ठोके बाळाचे म्हणून लिहिले जातात. बाळाचे ठोके मिनिटाला ११० ते १६० ही सामान्य मर्यादा आहे. डोके दाबले गेल्यामुळे कळेबरोबर उतरणारे आणि कळेबरोबरच सावरणारे ठोके सहसा घातक नसतात. कळ भरात आल्यानंतर उतरू लागणारे आणि ती संपल्यावरही रेंगाळणारे ठोके मात्र साठा संपत आल्याची खूण असू शकतात. अशा वेळी नव्या मुली प्रथम आईला ऑक्सिजनचा मास्क लावायला धावतात. आईच्या रक्तात ऑक्सिजन बहुधा पुरेसा असतोच, अडचण तो वारेपर्यंत पोहोचण्याची असते. म्हणून आईला डाव्या कुशीवर वळवा, ड्रिप थांबवा, रक्तदाब पाहा, नाळ खाली सरकलेली नाही याची खात्री करून घ्या आणि डॉक्टरांना बोलवा. पाटणच्या डोंगराळ भागातून पुढे पाठवायचे असेल तर रस्त्याचा वेळ निर्णयात धरावाच लागतो.

जन्मानंतर बाळ रडले नाही तर अपगार गुण, म्हणजे नवजात बाळाच्या प्रकृतीला दिले जाणारे गुण, मोजण्यासाठी थांबू नये. व्हर्जिनिया अपगार यांनी १९५२मध्ये मांडलेले ते गुण पहिल्या आणि पाचव्या मिनिटाला नोंदवायचे असतात, तर मदत त्याआधीच सुरू व्हायला हवी. ऑक्सिजन तुटल्यावर बाळाचा श्वास आधी एकदा थांबतो, आणि तेव्हा पुसणे व पाठ चोळणे पुरते. पुढे काही उसासे देऊन तो दुसऱ्यांदा थांबतो, तेव्हा कितीही चोळले तरी बाळ श्वास घेत नाही, त्याला हवाच द्यावी लागते. समोरचे बाळ कोणत्या टप्प्यावर आहे हे पाहून ओळखता येत नाही. म्हणून पुसूनही श्वास आला नाही तर पहिल्याच मिनिटात अँबू बॅगने (हाताने दाबून हवा देण्याच्या पिशवीने) मिनिटाला ४० ते ६० या गतीने श्वास द्यावेत आणि छाती उचलली जाते का ते पाहावे. पूर्ण दिवसांच्या बाळाला सुरुवातीला साधी हवा पुरते.

सावरलेले बाळ पहिले काही तास शांत दिसते, आणि हा काळ फसवा असतो. मेंदूच्या पेशींची ऊर्जा एकदा सावरून साधारण सहा तासांनंतर पुन्हा ढासळू शकते, आणि झटके बहुधा पहिल्या २४ तासांत दिसतात. श्रीमंत देशांत मेंदू वाचवण्यासाठी अशा बाळाचे शरीर ७२ तास ३३.५ अंश सेल्सिअसच्या आसपास थंड ठेवतात. परंतु भारत, श्रीलंका आणि बांगलादेशातील रुग्णालयांत झालेल्या, २०२१मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘हेलिक्स’ चाचणीत या उपचाराने मृत्यू कमी झाले नाहीत, उलट वाढले. त्यामुळे आपल्या पातळीवर बर्फाच्या पिशव्या वापरून असा प्रयत्न कोणी करू नये. तापमान सामान्य ठेवणे, ताप चढू न देणे, साखर तपासणे, झटक्यांवर लक्ष ठेवणे आणि वेळेत नवजात शिशू कक्षात पाठवणे हे आपले काम आहे. पाठवताना चिठ्ठीत ठोके केव्हा उतरले, पहिला श्वास कितव्या मिनिटाला आला आणि बॅग किती वेळ दिली हे स्पष्ट लिहावे.

नातेवाइकांशी बोलताना ‘गुदमरल्यामुळे असे झाले’ असे कारण प्रसूतिकक्षाच्या दारात उभे राहून कोणी सांगून टाकू नये. सेरेब्रल पाल्सीच्या (मेंदूच्या इजेमुळे हालचालींवर ताबा न राहण्याच्या विकाराच्या) बहुसंख्य मुलांमध्ये मूळ कारण जन्मावेळचा ऑक्सिजनचा अभाव नसते, आणि अपगार गुण कमी आले एवढ्यावरून निदान होत नाही. त्यांना खरी माहिती एवढीच द्यावी की बाळाला श्वासासाठी मदत लागली, त्याची वाढ पुढे तपासत राहावी लागेल, आणि राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली जिल्हा पातळीवरील केंद्रात ही तपासणी मोफत होते. तिथे जाण्याची तारीख सुट्टी देतानाच आईच्या कार्डावर लिहून द्यावी.