वॉर्डात जाण्याआधी: आजी-आजोबांच्या कॅलरींच्या हिशेबाची तयारी

केसपेपरवर वजन ६० किलो होतं. खाटेवर बसलेल्या आजींचं मनगट मात्र माझ्या अंगठा-तर्जनीच्या कडीत मावून वर जागा उरत होती. मुलाला विचारलं तेव्हा तो म्हणाला, "ॲडमिशनला विचारलं, तर मी आपलं अंदाजे सांगितलं." काटा आणून उभं केलं, तर ४२. किलोमागे ३० कॅलरी धरल्या तर या अठरा किलोंचा फरक ५४० कॅलरींचा होतो, आणि आजींचं दिवसभराचं खाणंच जेमतेम तेवढं होतं. म्हणून नव्याने वॉर्डात येणाऱ्या प्रत्येक आहारतज्ज्ञाला माझं कळकळीचं सांगणं आहे, की कॅल्क्युलेटर सगळ्यात शेवटी काढा.

निघताना शिंप्याची असते तशी न ताणणारी टेप खिशात ठेवा. काटा कुठल्या मजल्यावर आहे आणि शून्यावर येतो का, ते आधीच बघून ठेवा. वजन शक्यतो सकाळी, लघवी झाल्यावर, न्याहारीच्या आधी घ्या. नऊवारी नेसलेल्या आजींना रुग्णालयाचा गाऊन घालायचा संकोच वाटतो, त्यांना आग्रह करू नका. तसंच दुसरं लुगडं घरून आलेलं असतं, ते काट्यावर ठेवून तेवढं वजा करा. वजन घेतल्यावर घोट्यापाशी अंगठा दाबून बघा. खड्डा पडून तसाच राहिला तर सूज आहे, म्हणजे काट्यावरचे काही किलो पाण्याचे आहेत. अशा वेळी सूज येण्याआधीचं वजन जुन्या फाईलमध्ये सापडतं का ते शोधा. पायाचा भाग कापलेला असेल तर तेही टिपून ठेवा.

उंचीचा घोळ वजनाहून मोठा. मणके दबतात, पाठीला बाक येतो, कित्येकांना उभंच राहता येत नाही, आणि आधार कार्ड काढताना उंची कुणी विचारलेली नसते. त्यासाठी गुडघ्याची उंची घ्या. पेशंट उताणा झोपलेला, डावा गुडघा आणि घोटा दोन्ही काटकोनात. टाचेच्या तळापासून गुडघ्याच्या वर मांडीच्या सपाट भागापर्यंत किती सेंटिमीटर भरतात ते मोजा, दोनदा मोजा. बाईंसाठी ती उंची गुणिले १.८३, त्यातून वय गुणिले ०.२४ वजा, आणि त्यात ८४.८८ मिळवायचे. पुरुषांसाठी गुणिले २.०२, वजा वय गुणिले ०.०४, अधिक ६४.१९. त्या आजी ७८ वर्षांच्या होत्या, गुडघ्याची उंची ४५ सेंटिमीटर, म्हणजे एकूण उंची सुमारे १४८. टेप हातात आहेच, तर पोटरीचा घेरही घ्या. ३१ सेंटिमीटरपेक्षा कमी भरला तर कुपोषणाची शंका धरूनच पुढे जा.

मग खाण्याची चौकशी. इथे घाई करू नका. नातेवाईक "खातात की सगळं" म्हणतात, पण ताट उचलणाऱ्या मावशींना विचारा, त्यांना नेमकं ठाऊक असतं. त्या आजींची पोळी रोज अख्खी परत जात होती, कारण कवळी घरीच राहिली होती. गुरुवार, चतुर्थी, एकादशी धरतात का, घरून डबा येतो का आणि त्यातलं कोण खातं, गिळताना ठसका लागतो का, हे विचाराच. "सलाईन चालू आहे ना, मग पोटात काहीतरी जातंय" हा समज फार घट्ट बसलेला आहे. ५ टक्के डेक्स्ट्रोजच्या, म्हणजे साखरेच्या सलाईनच्या, ५०० मिलीच्या बाटलीत ८५ कॅलरी असतात, एका छोट्या फुलक्याएवढ्या. साध्या नॉर्मल सलाईनमध्ये, म्हणजे मिठाच्या पाण्यात, एकही नाही.

आता वजन, उंची आणि वयावरून कॅलरी काढायचं सूत्र. १९१९ चं हॅरिस-बेनेडिक्ट या आजींना ९६६ कॅलरी देतं, १९९० चं मिफ्लिन-सेंट जिऑर ७९४, आणि तेही फक्त पडून राहण्यापुरतं. हालचाल आणि आजारपण धरून १.३ ने गुणलं, तर १२५६ आणि १०३२. आहार-पोषणावर काम करणारी युरोपियन संस्था एस्पेन वृद्धांसाठी किलोमागे ३० कॅलरी हा मार्गदर्शक आकडा देते, त्याने १२६० येतात. मी अशा बारीक अंगाच्या पेशंटसाठी ३० वालाच धरते, कारण कमी देण्याची चूक वॉर्डात लवकर दिसत नाही. ताप असेल तर दर अंश सेल्सियसला साधारण १० टक्के वाढवा, पण ताप, जखम, ऑपरेशन असे गुणक एकावर एक चढवत जाऊ नका. प्रथिनं किलोमागे किमान १ ग्रॅम, आजारपणात १.२ ते १.५. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांशी बोला.

एक गोष्ट मात्र पहिल्या घासाआधी तपासायचीच. पाच दिवसांहून जास्त पोटात जवळजवळ काही गेलेलं नसेल, तर पूर्ण आकडा पहिल्या दिवशी देऊ नका. पहिले दोन दिवस निम्म्याच्या वर जायचं नाही, आणि धोका जास्त असेल तर त्याहूनही कमीपासून सुरुवात. फॉस्फेट, पोटॅशियम, मॅग्नेशियमचे रिपोर्ट आणि थायमिन (बी-१ जीवनसत्त्व) याबद्दल डॉक्टरांना आधीच विचारा. अन्न एकदम मिळालं की ही क्षारद्रव्यं रक्तातून पेशींत ओढली जातात, आणि त्याचा फटका हृदयाला बसू शकतो.

आकडा फाईलमध्ये लिहिताना वजन मोजलेलं की सांगितलेलं, तेही शेजारी लिहा. त्या आजींसाठी आम्ही पोळी बंद करून मऊ मुगाची खिचडी सुरू केली, दोन्ही वेळा वर चमचाभर तूप, म्हणजे प्रत्येकी ४५ कॅलरी, आणि मधल्या वेळी दूध. मुलगा संध्याकाळी कवळी घेऊन आला. तिसऱ्या दिवशी परत जाणारं ताट बघितलं, आठव्या दिवशी त्याच काट्यावर, त्याच लुगड्यात पुन्हा वजन घेतलं.