शाळेचा ब्लॉग काढायचाय? मग खातं कुणाच्या नावावर ते आधी ठरवा

जिल्हा परिषद शाळांचे ब्लॉग काही नवीन नाहीत. २०१५ च्या जूनमध्ये प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र या सरकारी कार्यक्रमाचा जीआर निघाला आणि पुढच्या काही वर्षांत तंत्रस्नेही शिक्षकांच्या कार्यशाळा झाल्या, ब्लॉग कसा काढायचा हे तिथेच बऱ्याच जणांनी शिकून घेतलं. आता त्यातले काही ब्लॉग उघडून बघा, शेवटची पोस्ट कुठल्यातरी स्वातंत्र्यदिनाची असते आणि पुढे शुकशुकाट. कारण पुष्कळदा एकच, सरांची बदली झाली. ब्लॉग सरांच्या जीमेलवर, सर गेले की पासवर्ड पण गेला.

म्हणून पहिलं काम, शाळेच्या नावाचं वेगळं गूगल खातं काढा. रिकव्हरीला एकाचा मोबाईल नंबर आणि दुसऱ्याचा ईमेल टाका, म्हणजे एक जण गेला तरी दार उघडतं. टू स्टेप व्हेरिफिकेशन (पासवर्डनंतर आणखी एकदा खात्री करून घेणं) चालू केलं की बॅकअप कोड मिळतात, ते प्रिंट काढून पाकिटात घालून ऑफिसच्या कपाटात ठेवा आणि चार्ज देता-घेताना यादीत शिक्क्यांच्या खाली हे पाकीटसुद्धा लिहा. ब्लॉगर ही गूगलची ब्लॉगची सोय फुकट आहे आणि शाळेला तेवढं पुरतं. त्यात सेटिंगमध्ये जाऊन बाकीच्या शिक्षकांना लेखक म्हणून जोडता येतं, दोघांना अॅडमिन करा, बाकीचे लेखक. आणि खातं अधूनमधून वापरात राहू द्या, दोन वर्षं कुणी फिरकलंच नाही तर गूगल असं खातं काढून टाकू शकतं.

आता टाकायचं काय. इथंच सगळे घसरतात. जीआर, परिपाठ, निबंध, सुविचार, दिनविशेष हे सगळं शेकडो ब्लॉगवर पडलेलं आहे, जीआर तर शासनाच्या साइटवरच मिळतो, त्यात तुमची भर कशाला. पुस्तकाच्या पीडीएफ पण नका चढवू, ई-बालभारतीवर आहेत आणि पाठ्यपुस्तकातला क्यूआर कोड स्कॅन केला की दीक्षा या सरकारी अॅपवर त्या पाठाचं साहित्य येतं. (पुस्तकात क्यूआर कोड म्हटलं की परितेवाडीच्या डिसले गुरुजींचं नाव निघतंच, २०२० चं ग्लोबल टीचर प्राइज त्यांना मिळालं. त्यांनी सुरुवात केली ती माढा तालुक्यातल्या साध्या झेडपी शाळेतून, हे लोक विसरतात.) तुमच्या ब्लॉगवर ते पाहिजे जे फक्त तुमच्या गावात आणि तुमच्या पोरांकडे आहे.

सगळ्यात सोपी सुरुवात पावसाची. जूनमध्ये सरळ भिंतीची मोठी पारदर्शक बाटली घ्या, खांद्याखाली कापा, वरचा भाग उलटा करून नरसाळ्यासारखा आत बसवा. बाटलीचा बूड खडबडीत असतो म्हणून आधी थोडं पाणी ओतून जिथे भिंत सरळ होते तिथे शून्याची खूण करा आणि तिथून वर मिलिमीटरची पट्टी चिकटवा. रोज वाचन झालं की पाणी परत शून्याच्या खुणेवर आणून ठेवायचं, हे पोरं विसरतात. झाडाखाली नको, पागोळ्यांजवळ नको. हवामान खातं दिवसाचा पाऊस सकाळी साडेआठ ते साडेआठ मोजतं, शाळा तेव्हा भरलेली नसते म्हणून शाळेशेजारी राहणाऱ्या दोघांवर पाळी लावा, सुट्टीच्या दिवशी पण. आठवड्याचा तक्ता शनिवारी ब्लॉगवर. मग त्यावर गणित किती निघतं बघा, एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी, म्हणजे शंभर चौरस मीटरच्या छपरावर २० मिमी पडला तर २००० लिटर नुसतं वाहून गेलं, पाचवीच्या पोरांना हे एकदा कळलं की ती घरी जाऊन बापाला हिशोब सांगतात. स्तंभालेख, सरासरी, सगळं त्याच तक्त्यावर घ्या. महारेन या राज्य शासनाच्या पावसाच्या साइटवर महसूल मंडळाचा पाऊस दिसतो, त्याच्याशी आपला आकडा ताडून बघायला लावा. जुळणार नाही बहुतेक, आणि का जुळत नाही यावर एक तास मस्त जातो. पुढच्या जूनला मागच्या वर्षीचा तक्ता समोर असतो, हे व्हॉट्सअॅप ग्रुपवर होत नाही, तिथे कालचा मेसेज आज सापडत नाही.

दुसरं म्हणजे पोरांचं लेखन. वहीत आधी लिहू दे, वर्गात मोठ्याने वाचू दे, बाकीच्यांनी प्रश्न विचारू दे, मग ब्लॉग. विषय निबंधाच्या गाइडमधले नकोत. आजीला विचारून ये पायली म्हणजे किती शेर, गावात आधी कुठली विहीर होती, जत्रेत पाळणेवाले कुठून येतात. पोरगं "मह्या आज्यानं सांगलं" असं लिहीत असेल तर ते तसंच ठेवा, प्रमाण भाषेत आणायला परीक्षेचा पेपर आहे की. टायपिंगचा कंटाळा येत असेल तर मोबाईलच्या जीबोर्ड कीबोर्डवर मराठी लावून माइक दाबा आणि बोला, बोलीतले शब्द तो भलतेच ऐकतो आणि विरामचिन्हं आपल्याला घालावी लागतात, पण निम्मं काम होतं. जुन्या कॉम्प्युटरवर श्रीलिपी किंवा कृतीदेव या जुन्या फॉन्टमध्ये केलेलं मॅटर थेट पेस्ट करू नका, मोबाईलवर नुसती अगम्य अक्षरं दिसतात, युनिकोडमध्ये बदलून घ्या.

फोटो. इथं जरा कडक बोलतो. पोराचं पूर्ण नाव, चेहरा आणि इयत्ता हे तिन्ही एकत्र कधीच नाही. मोठा पुरस्कार मिळाला तरी नाही. शिष्यवृत्तीची यादी आधार आणि बँक खाते नंबरासकट टाकणं हा तर कहर आहे. २०२३ च्या डिजिटल डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालचं प्रत्येक जण मूल धरलंय आणि त्यांच्या माहितीसाठी पालकांची संमती पाहिजे असं आहे, तेव्हा प्रवेशाच्या वेळीच अर्ध्या पानाचं साध्या मराठीतलं संमतीपत्र भरून घ्या आणि नको म्हणणाऱ्या पालकाला दोनदा विचारू नका. बाकी हात, वही, चित्र, पाठमोरी पोरं, एवढ्यात सगळं दाखवता येतं. कॅमेऱ्याचं लोकेशन बंद. व्हिडिओ असेल तर यूट्यूबवर अनलिस्टेड (लिंक असेल त्यालाच दिसेल असा) ठेवून मेड फॉर किड्स निवडा, कमेंट आपोआप बंद होतात.

मुख्याध्यापकांसाठी वेगळं सांगायचंय. तुम्ही आदेश काढलात की दर आठवड्याला प्रत्येकाने एक पोस्ट, तर तुम्हाला दर आठवड्याला कॉपी-पेस्ट मिळेल. त्यापेक्षा आधी स्वतः लिहा. दहा ओळी पुरे, कुठला तास घेतला, पोरं नेमकी कुठे अडली, पुढच्या वेळी काय बदलणार. हातच्याची वजाबाकी शिकवताना पोरं शून्यातून उसने कसे घेतात यावर दोन शाळांच्या शिक्षकांनी जरी लिहिलं तरी आपल्या केंद्रातल्या शाळांच्या शिक्षण परिषदेत पीपीटीपेक्षा जास्त चर्चा होते. हे असलं लिखाण जाहीर नको वाटत असेल तर दुसरा ब्लॉग काढा आणि सेटिंगमध्ये फक्त निमंत्रित वाचक ठेवा. आणि कुणी तास फसला असं लिहिलं तर ते सेवापुस्तकाच्या वेळी काढायचं नाही, एकदा तसं झालं की परत कुणी खरं लिहीत नाही.

शाळा व्यवस्थापन समितीचं पण तसंच. कायद्याने त्यात तीन चतुर्थांश पालक असतात पण बैठकीत काय ठरलं हे बाकीच्या पालकांना कळतच नाही. ठराव चार ओळीत टाका, अनुदान किती आलं आणि कशावर गेलं ते टाका. पाण्याच्या टाकीची पावती ब्लॉगवर असली की ग्रामसभेत निम्मे प्रश्न कमी होतात.

पालक ब्लॉग स्वतःहून उघडणार नाहीत हे धरूनच चाला. लिंक पालकांच्या ग्रुपवर टाकायची, संध्याकाळी सात-आठला, कारण घरात फोन एकच आणि तो दिवसभर बापाबरोबर शेतात नाहीतर कामावर असतो. पोस्ट शेड्यूल करून ठेवता येते, रोज संध्याकाळी फोन घेऊन बसायची गरज नाही. फोटो दोन-तीनच, लहान करून, नाहीतर रेंज कमी असलेल्या वाडीवर पान उघडत नाही. शाळेच्या फाटकावर क्यूआर कोड चिकटवा. आणि ज्यांच्याकडे स्मार्टफोन नाही त्यांच्यासाठी आठवड्याची एक पोस्ट प्रिंट काढून फलकावर लावा, परिपाठात वाचा, लिहिणाऱ्या पोराला तिथेच जास्त मजा येते.

कमेंटना मॉडरेशन लावा, तुम्ही बघितल्याशिवाय काही दिसता कामा नये. आणि जाहिराती नाहीच. महिन्याला चार पैसे सुटतील म्हणून लावता आणि तिसरीतलं पोरगं पावसाचा तक्ता बघता बघता कुठल्यातरी कर्जाच्या अॅपवर जाऊन पोचतं.