गाणं थांबलं तरी ॲम्प किती वीज खातो: मोजा आणि कमी करा

गाणं बंद करून अर्ध्या तासाने ॲम्प्लिफायरच्या जाळीवर हात ठेवा. कोमट लागली तर वीज उष्णता होऊन चालली आहे. ॲम्पचे सर्किटप्रमाणे ए, एबी, डी असे क्लास असतात. एबी क्लासचा साधा स्टीरिओ ॲम्प नुसता चालू असताना साधारण २० ते ५० वॅट घेतो, एव्ही रिसीव्हर (टीव्ही-होम थिएटरचा ॲम्प) बऱ्याचदा त्याहून जास्त, डी क्लासचा ५ ते १५. ए क्लासचा ॲम्प मात्र गाणं असो-नसो, पूर्ण जोरातच तापतो. ४० वॅट चोवीस तास म्हणजे महिन्याला सुमारे २९ युनिट. महावितरणच्या बिलात १०० आणि ३०० युनिटांना दर चढतो, म्हणून काठावरच्या घरात ही २९ युनिटं वरच्या दराने पडतात.

आधी मोजा. मल्टिमीटरने अँपिअर बघून २३० ने गुणणं ही सर्रास होणारी चूक. ट्रान्सफॉर्मर आणि फिल्टर कपॅसिटरमुळे करंट व्होल्टेजच्या तालात वाहत नाही, त्यामुळे उत्तर दीडपट-दुप्पट येऊ शकतं. प्लग आणि सॉकेटच्या मध्ये लागणारा वॉटमीटर घ्या, पण खरे वॅट आणि पॉवर फॅक्टर (व्होल्ट गुणिले अँपिअरमधला खऱ्या वॅटचा हिस्सा) दाखवणाराच. पुण्यात बुधवार पेठेत तापकीर गल्लीत चौकशी करा.

तो नसेल तर घराचा मीटर आहेच. फ्रिज, राउटर, इन्व्हर्टरसकट बाकी सगळं बंद करा. एका युनिटला लाल दिवा किती वेळा लुकलुकतो तो आकडा मीटरवर छापलेला असतो, समजा ३२००. दहा लुकलुकण्यांचा वेळ घेऊन दहाने भागा. मग मीटरवरचा आकडा आणि हे सेकंद यांचा गुणाकार करून त्याने ३६ लाखांना भागलं की वॅट मिळतात. २८ सेकंद आले तर ४० वॅट. रीडिंग ॲम्प तापल्यावर घ्या, आणि तीन घ्या: चालू पण गाणं नाही, स्टँडबाय, समोरच्या पॅनलवरचं बटण बंद.

स्टँडबायला आधुनिक ॲम्प अर्धा वॅट किंवा कमी घेतो. जास्त दिसलं तर सेटिंगमध्ये एचडीएमआय पास-थ्रू (ॲम्प बंद असतानाही टीव्हीला चित्र पुढे पाठवणं) आणि नेटवर्क स्टँडबाय बंद करा, ऑटो स्टँडबाय सुरू करा. बहुतेक घरांत एवढ्यावरच काम होतं.

जुन्या बाजारातून आणलेला जपानी १०० व्होल्टचा ॲम्प असेल तर घोळ वेगळा. ॲम्प बंद केला तरी बाहेरचा स्टेप-डाऊन ट्रान्सफॉर्मर (२३० चे १०० व्होल्ट करणारा) सॉकेटमध्ये राहून चोवीस तास काही वॅट खातो. खटका त्याचाच बंद करा. २२० व्होल्ट लिहिलेल्या जुन्या ॲम्पला रात्री २४५ मिळाले तर त्याचा ट्रान्सफॉर्मर गुणगुणतो आणि जास्त तापतो.

स्मार्ट प्लग लावणार असाल तर १६ अँपिअरचा. मोठा टोरॉइडल (कड्यासारखा गोल) ट्रान्सफॉर्मर चालू होताना क्षणभर कित्येक पट करंट ओढतो. त्या झटक्याने हलक्या प्लगच्या रिलेचे (आतल्या विजेवर चालणाऱ्या खटक्याचे) काँटॅक्ट चिकटतात, मोबाइलवर ‘बंद’ दिसतं आणि ॲम्प आत चालूच. चालू करताना आधी प्लेअर, शेवटी ॲम्प. बंद करताना आधी ॲम्प. नाहीतर स्पीकरमध्ये धप्प आवाज येतो.

बायस, म्हणजे गाणं नसतानाही आउटपुट ट्रान्झिस्टरमधून वाहत ठेवलेला थोडासा करंट, कमी करून वीज वाचवायला जाऊ नका. ±४० व्होल्ट सप्लाय आणि ५० मिलिअँपिअर बायस असेल तर चॅनलमागे जेमतेम ४ वॅट जातात. बायस निम्मा केल्यावर दोन्ही चॅनल मिळून ४ वॅट वाचतील, आणि हळू आवाजातला तानपुरा खरखरीत होईल. बाकीची वीज ट्रान्सफॉर्मर, रेग्युलेटर, रिले आणि डिस्प्ले खातात. मात्र एकच चॅनल जास्त तापत असेल तर बायस तपासायलाच हवा. आतमध्ये मेन्स उघडा असतो आणि बंद केल्यावरही कपॅसिटर भरलेले राहतात, तेव्हा सवय नसेल तर हे काम मेकॅनिककडे द्या.

सवय असेल तर स्पीकर काढा, व्हॉल्यूम शून्यावर ठेवा, अर्धा तास तापू द्या. आउटपुट ट्रान्झिस्टरच्या एमिटर रेझिस्टरवर मिलिव्होल्ट मोजा: ०.२२ ओहमवर ११ मिलिव्होल्ट म्हणजे ५० मिलिअँपिअर. नेमका आकडा त्या मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलचाच घ्या. जुना प्रीसेट (बायस ठरवणारा छोटा फिरता रेझिस्टर) फिरवण्याआधी विचार करा. आतला संपर्क तुटला तर बऱ्याच सर्किटमध्ये बायस एकदम कमाल होतो आणि ट्रान्झिस्टर जळतात. त्याऐवजी मल्टिटर्न (अनेक फेरे फिरणारा) प्रीसेट बसवा, पहिल्यांदा १०० वॅटच्या सिरीज बल्बमधून (ॲम्पच्या मेन्सच्या वाटेत जोडलेल्या साध्या बल्बमधून) चालू करा. बल्ब क्षणभर पेटून मंद झाला तर ठीक, लखलखीत राहिला तर लगेच बंद करा. शेवटी झाकण लावून तासाभराने पुन्हा मोजा, कारण झाकणाखाली हीटसिंक अधिक तापतो आणि आकडा सरकतो.