सात वार एका आकड्यात, पण कंस विसरू नका

इतवारी, मंगळवारी, शुक्रवारी या वस्त्या असलेल्या नागपूरकरांना उदाहरण वारांचंच देतो. दुकानात माल कोणत्या वारी पोचवायचा, हे प्रोग्राममध्ये साठवायला सात वेगळे रकाने कशाला? एकाच आकड्यात प्रत्येक वाराला एक बिट (0 किंवा 1 ची जागा) द्या: रविवार 1, सोमवार 2, मंगळवार 4, बुधवार 8, असं दुप्पट करत शनिवार 64. मंगळवार आणि शुक्रवार म्हणजे 4 | 32, अर्थात 36. | हे चिन्ह दोन्ही आकड्यांतले 1 असलेले बिट एकत्र करतं.

वार जोडताना बेरीज करू नका, | च वापरा. 36 मध्ये मंगळवार पुन्हा जोडला तर 36 | 4 हे 36 च राहतं. 36 + 4 मात्र 40 होतं, म्हणजे बुधवार आणि शुक्रवार, मंगळवार गायब! वार काढून टाकायचा तर (साठवलेल्या आकड्याला दिवस म्हणू) दिवस & ~4: ~4 म्हणजे मंगळवार सोडून बाकी सगळे बिट, आणि मधलं चिन्ह दोन्हींकडे असलेले बिटच ठेवतं.

खरी गोची मंगळवार आहे का हे तपासताना होते. सी आणि जावास्क्रिप्ट या भाषांमध्ये दिवस & 4 == 4 लिहिलं, तर आधी 4 == 4 (दोन्ही सारखे आहेत का?) सुटतं, त्याचं उत्तर खरं, म्हणजे 1 होतं, आणि तुम्ही मंगळवारऐवजी रविवार तपासत बसता. एररही येत नाही, हे जास्त वाईट. जावा निदान कंपाइल करायलाच नकार देते. पायथॉनमध्ये & आधी सुटतो, तरी कंस द्याच: (दिवस & 4) != 0, म्हणजे उत्तर शून्य नाही ना. आणि हो, सी-जावास्क्रिप्टमध्ये & च्या जागी चुकून && (दोन्ही बाजू शून्य नाहीत ना, एवढंच पाहणारं चिन्ह) पडला, तर शून्य सोडून कुठलाही आकडा मंगळवार ठरेल.