बोटांच्या टोकांवरचे दाबबिंदू : खरी मेख जागा शोधण्यात

नखे कापून हात धुवावेत. अंगठ्यांची नखे तेवढी किंचित राखावीत.

चिनी वैद्यकानुसार हातातील सहा मेरिडियनांचे, म्हणजे प्राणशक्ती वाहते असे मानलेल्या वाहिन्यांचे, एकेक टोक बोटांपाशी येते आणि तिथल्या बिंदूंना ‘जिंग’, म्हणजे विहीर, म्हणतात. बहुतेक लोक विहीर सोडून भलतीकडेच खणतात, म्हणजे बोटाच्या टोकाचा मऊ गर दाबत बसतात. मधल्या बोटाचा झोंगचोंग अगदी टोकाच्या मध्यावर असतो हे खरे, परंतु उरलेले पाच बिंदू नखाच्या मुळाशी, कोपऱ्याला लागून असतात. एक रेघ नखाच्या कडेला समांतर आणि दुसरी नखाच्या मुळालगत आडवी ओढावी. दोन्ही जिथे छेदतात, कोपऱ्यापासून सुमारे २ मिलिमीटरवर, तिथे बॉलपेनने ठिपका द्यावा.

कोणता कोपरा, इथे मी स्वतः फसलो होतो. उताण्या हाताचा तक्ता पाहून पालथ्या हातावर डावे-उजवे मोजले आणि अख्खा पावसाळा अनामिकेचा चुकीचा कोपरा दाबत राहिलो. म्हणून डावे-उजवे विसरून शेजारचे बोट पाहावे. अंगठ्याचा शाओशांग तर्जनीपासून दूरच्या कोपऱ्यावर, तर्जनीचा शांगयांग अंगठ्याकडे आणि अनामिकेचा ग्वानचोंग करंगळीकडे असतो. करंगळीवर दोन बिंदू आहेत : अनामिकेकडचा शाओचोंग हृदयाचा, बाहेरचा शाओझे लहान आतड्याचा. कोरियन सुजोकचा तक्ता यात मिसळू नये. त्यात अंगठा म्हणजे डोके, ती पद्धतच निराळी. ‘दुखले की बिंदू सापडला’ हा सल्लाही निकामी आहे, कारण नखाच्या कडेला कुठेही दाबले तरी दुखतेच.

दुसऱ्या हाताच्या अंगठ्याचे नख ठिपक्यावर आडवे टेकवून, खूण उमटेल पण कातडी फाटणार नाही इतपत, मिनिटभर दाबावे. परंपरेने घसा दुखत असता शाओशांग दाबतात. मला त्याने थोडा आराम वाटतो, पण औषधाची जागा तो घेत नाही. मधुमेहामुळे बोटे बधिर झाली असतील तर नखाने दाबूच नये.

पक्षाघाताच्या झटक्यात दहाही बोटांना सुई टोचून रक्त काढावे, असा निरोप व्हॉट्सॲपवर फिरत असतो. तो ‘शीश्वान’ या दहा बोटांच्या टोकांवरच्या बिंदूंच्या जुन्या वापरातून आला आहे आणि घातक आहे. रक्ताची गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येते, तेव्हा तोंड वाकडे झाले किंवा हात लुळा पडला तर सुई शोधत न बसता १०८ ला फोन करावा आणि लक्षणे कधी सुरू झाली ती वेळ लिहून ठेवावी.