सव्वीस जानेवारीचा आठवडा: काय काय लागतं (आधी सुट्टे पैसे!)

संक्रांत झाली की शाळेत मीटिंग होते, चहा येतो आणि सगळ्यांना एकदम वाटायला लागतं की यंदा सगळं करू. खेळाच्या स्पर्धा करू, आनंद बाजार (पोरंच स्टॉल लावून विकतात तो) भरवू, माता पालक मेळावा आणि हळदीकुंकू उरकू, गॅदरिंग तर आहेच, शिवाय २३ ला नेताजींची जयंती, २४ ला राष्ट्रीय बालिका दिन, २५ ला मतदार दिवसाची शपथ (ती आपण घ्यायची, पोरं नुसतीच हात पुढे करून मजा बघतात) आणि २६ ला झेंडा. पहिली ते चौथीची शाळा, शिक्षक दोन. तरी होतं बरं का सगळं, फक्त खालच्या गोष्टी आधी करून ठेवा.

सगळ्यात आधी सुट्टे पैसे. आनंद बाजार कुठल्या का वारी असेना, सुट्टे आठवडाभर आधी आणून कपाटात ठेवायचे. बँकेतून आणणार असाल तर कॅलेंडर बघा, चौथा शनिवार कायम २२ ते २८ च्या मध्येच येतो म्हणजे नेमका याच आठवड्यात बँक बंद, मग रविवार, मग २६ ची सुट्टी, आणि उरलेल्या दिवशी तुम्ही शाळा सोडून तालुक्याला कसे जाणार? त्यापेक्षा गावातच बघा. पिठाची गिरणीवाला, पिग्मी एजंट, मंदिराची दानपेटी सांभाळणारे काका, यांच्याकडे चिल्लर पडून असते आणि मोठी नोट दिली तर ते उलट खूश होतात.

हिशोब सोपा आहे. वीस स्टॉल असतील तर प्रत्येकाला पन्नास रुपयांचे सुट्टे, म्हणजे हजार रुपये झाले, त्यात पाचची नाणी जास्त, थोडी एक-दोनची. हे वहीत नावापुढे लिहून द्यायचे आणि बाजार संपला की पहिले ते परत घ्यायचे, उरलं ते पोराचं. दहाची नाणी शक्यतो नको. रिझर्व्ह बँकेने २०१८ लाच सांगितलंय की दहाच्या नाण्याचे चौदाही नमुने चालतात, पण कुणी नाणं घ्यायला नाही म्हटलं तर तिसरीतल्या पोराने काय रिझर्व्ह बँकेचं पत्रक दाखवायचं? दहाच्या नोटा घ्या.

का एवढं सांगतेय, तर गेल्या वर्षी आमच्याकडे सुट्टे नव्हते. पहिलं गिऱ्हाईक पालकच असतात आणि ते शंभरची नाहीतर पाचशेची नोट घेऊनच येतात. दुसरीतली एक मुलगी हरभऱ्याच्या जुड्या घेऊन बसलेली, जुडी पाच रुपये, तिच्या एका हातात शंभरची नोट आणि दुसऱ्या हातात जुडी, आणि ती आळीपाळीने दोन्हीकडे बघतेय. शेजारच्या भेळवाल्याकडे नाही, ताकवाल्याकडे नाही, मग "राहू दे बाळा, नंतर देते" सुरू झालं आणि अर्ध्या तासात सगळा बाजार उधारीवर. बेरीज-वजाबाकी आणि नफा-तोटा शिकवायला हा खटाटोप करतो ना आपण, मग परत द्यायला पैसेच नसतील तर पोरं वजाबाकी कशाची करणार?

फोनपेचं कुणी काढेलच. नको. पैसे बापाच्या मोबाईलवर जातात, पोराच्या हातात काहीच येत नाही. स्वतःचा क्यूआर तर अजिबात लावू नका, नंतर हिशोब देत बसाल. दारातच एक टेबल टाका, तिथे पालकांनी नोट मोडून घ्यायची आणि मगच आत जायचं. पण त्या टेबलावर सुट्टे पाहिजेत, हे वेगळं सांगायला नको. सांगतेच तरी. वेगळे सुट्टे, स्टॉलवाल्यांचे सोडून.

बाकीचं पटापट. पाणी, सावली, प्रथमोपचार पेटी कळतंच सगळ्यांना. खेळासाठी फक्की आदल्या संध्याकाळी आखू नका, रात्रीत गावातली गुरं मैदानात फिरतात, सकाळीच आखा. लिंबू-चमच्याचे चमचे घरून मागवले तर दोऱ्याने नावाची चिठ्ठी बांधा, नाहीतर फेब्रुवारीत आया चमचे शोधत येतात. लेझीम आधी काढून बघा, निम्म्यांच्या चकत्या गळलेल्या असतात.

हळदीकुंकवाला वाण स्वस्तातलं पण उपयोगाचं घ्या, आणि दहा-पंधरा जास्त घ्या, कारण आईबरोबर आजी, काकू, शेजारीण सगळ्या येतात. भाषणं दोनच ठेवा. हा कार्यक्रम बाजाराच्या दिवशीच ठेवला तर गिऱ्हाईक वाढतं हे खरं, पण मग सुट्टे दुप्पट लागतील, लक्षात आहे ना?

गॅदरिंगची गाणी पेन ड्राईव्हवर, कापून, क्रमाने आकडे टाकून, एक कॉपी दुसऱ्या पेन ड्राईव्हवर. मोबाईलवर यूट्यूब लावून ऐनवेळी जाहिरात वाजली की स्टेजवरची पोरं तशीच हात वर करून उभी राहतात. लाईट जाणार असं धरूनच स्पीकरवाल्याला जनरेटर सांगा. ड्रेस भाड्याचे असतील तर मापं स्वतः घ्या, पालकांनी सांगितलेलं माप हे दिवाळीचं असतं. सेफ्टी पिना. भरपूर.

२५ ला शाळा सुटली की झेंड्याची दोरी आणि कप्पी बघून घ्या, गाठ एकदा सोडून बघा, केशरी वर आहे ना ते दोघांनी बघा. राष्ट्रगीत बावन्न सेकंदांत बसतं का ते घड्याळ लावून म्हणवून घ्या, पहिलीची पोरं पुढे पळतात. राज्यगीतही आहे. प्रभातफेरीच्या घोषणा ठरवून ठेवा. खाऊ मोजून.

मग फोटो केंद्रप्रमुखांच्या ग्रुपवर, मंडपवाल्याच्या खुर्च्या मोजून परत, ड्रेस त्याच दिवशी परत नाहीतर भाडं वाढतं. अहवाल मुख्याध्यापक लिहितील.